‘ती छोटी गुलाबी गोळी’ जर्मनीत काय नावाने मिळते?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा महिन्यांपूर्वी आम्ही पुण्याहून स्टुटगार्टला आलो. मुलगा तीन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी त्याला १०२ ताप भरला. येताना आणलेली तापाची बाटली नेमकी संपलेली. नवरा धावत औषधांच्या दुकानात गेला, तर तिथे नुसते चहा, क्रीम आणि व्हिटॅमिन. रविवारी सगळं गाव बंद. सोमवारी डॉक्टरांनी मुलाला तपासलं आणि ‘पाणी पाजा, झोपू द्या’ एवढंच सांगून घरी पाठवलं. अँटिबायोटिक नाही, काही नाही. पुढच्या महिन्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी येतायत. त्यांना बीपीची एक छोटी गुलाबी गोळी, शुगरची एक आणि थायरॉइडची एक चालू आहे. त्यांच्याकडून बॅगभर औषधं मागवू का? आई म्हणते, मी दर महिन्याला कुरिअर करते. शनिवारी रात्रभर मी नुसती कपाळावर पट्ट्या ठेवत आणि चमच्याने पाणी पाजत बसले होते. माझं काही चुकलं का? मला ‘तू’च म्हणा.
एक आई, स्टुटगार्ट

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यांपुढे माझंच जर्मनीतलं स्वयंपाकघर उभं राहिलं. मी पुण्यात बी.फार्म. केलं, चार वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले आणि लग्नानंतर नऊ वर्षं जर्मनीत काढली. औषधं हाच माझा विषय. तरी माझ्या मुलीला तिथे पहिल्यांदा ताप आला तेव्हा माझे हात थरथरत होते. म्हणून तुझी त्या रात्री काय अवस्था झाली असेल, ते मला वेगळं सांगायला नको.

आधी त्या शनिवारचं बोलू. तुझा नवरा गेला ते दुकान म्हणजे ड्रोगेरी. डीएम, रोसमान ही त्यातली मोठी नावं. नाव ऐकून आपल्याला औषधाचं दुकान वाटतं, पण तिथे साधं पॅरासिटामॉलसुद्धा मिळत नाही. साबण, डायपर, जीवनसत्त्वं, वनस्पतींचे चहा, फार तर खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या. खरं औषध मिळतं आपोथेकेत. दारावर लाल रंगात जुन्या वळणाचं मोठं ‘ए’ अक्षर असतं, आणि नीट पाहिलंस तर त्या अक्षरात एक पेला आणि त्याला वेटोळं घातलेला साप दिसेल. ते चिन्ह एकदा डोळ्यांत बसलं की ट्राममधूनही ओळखू येतं. जर्मन कायद्याने औषधांचे तीन थर केलेत. काही कुठेही मिळतात, काही फक्त आपोथेकेत पण चिठ्ठीशिवाय, आणि काही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. आपल्या रोजच्या लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी मधल्या थरात आहेत. पॅरासिटामॉल, ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं आयबुप्रोफेन, अ‍ॅलर्जीची सेटिरिझिन, नाकाचे थेंब, पोटात कळ आल्यावरचं ब्युस्कोपान, सगळं काउंटरवर मागून घ्यायचं. फळीवरून स्वतः उचलायचं नाही. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्यांपेक्षा मोठं पाकीट चिठ्ठीशिवाय देत नाहीत. हा नियम २००९ पासून आहे, कारण या गोळ्या जास्त झाल्या तर यकृत जातं. तेव्हा दहा-दहा पट्ट्या एकदम मागू नकोस.

आता रविवार. गाव बंद असतं हे खरं, पण औषधांची सोय बंद नसते. प्रत्येक भागातल्या आपोथेके पाळीपाळीने रात्रीची आणि सुट्टीची ड्युटी करतात. याला ते ‘नोटडीन्स्ट’ म्हणतात. बंद आपोथेकेच्या दारावरही आज कोणाची पाळी आहे ते लिहिलेलं असतं. घरबसल्या हवं असेल तर मोबाइलवरून २२८३३ ला फोन कर, किंवा आपोनेट या वेबसाइटवर तुझा पिनकोड टाक. रात्री आठ ते सकाळी सहा आणि रविवारी-सुट्टीच्या दिवशी अडीच युरो जास्त घेतात. मनात वाईट वाटून घेऊ नकोस, तो नियमातलाच आकार आहे.

माझी पहिली नोटडीन्स्टची रात्र मला लख्ख आठवते. डिसेंबर होता, पायाखाली बर्फ करकरत होता. दार बंद, आत अंधार. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दिवा लागला आणि दारातली एक छोटी खिडकी उघडली, आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटाची असते तेवढी. पांढऱ्या कोटातल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “किती किलो?” मी वय सांगत होते, त्यांना वजन हवं होतं. मला ते चटकन सांगता येईना. बाईंनी रागावल्याशिवाय वाट पाहिली, मी नवऱ्याला फोन करून लसीकरणाच्या पुस्तकातलं वजन विचारलं, मगच त्यांनी बाटली दिली. मुलांच्या औषधात वयापेक्षा वजन महत्त्वाचं, हे मी कॉलेजात शिकले होते. त्या खिडकीपाशी ते मला खरं समजलं. म्हणून मुलाचं वजन आजच कर आणि फ्रिजवर लिहून ठेव. दर तीन महिन्यांनी बदल.

आणि बाटली घरी आणल्यावर काय झालं तेही सांगते. मी पुण्याहून आणलेली मापाची टोपी काढली, पाच मिलिलिटर ओतलं, मुलीला मांडीवर घेतलं, आणि मग सवयीने लेबल वाचलं. आपल्याकडचं लहान मुलांचं पॅरासिटामॉल सिरप साधारण दोन ताकदींत येतं, पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम किंवा २५०. जर्मन बाटलीवर लिहिलं होतं एका मिलिलिटरला ४०, म्हणजे पाच मिलिलिटरला २००. माझी मुलगी तेव्हा आठ किलोची. पुण्यातल्या १२० वाल्या बाटलीतलं पाच मिलिलिटर तिला बरोबर होतं, तेच माप जर्मन बाटलीतून घेतलं असतं तर जवळजवळ पावणेदोन पट झालं असतं. मी ते ओतलेलं औषध तसंच सिंकमध्ये टाकलं, मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले.

हीच गोष्ट आयबुप्रोफेनच्या सिरपची. एकाच नावाच्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या तिथे मिळतात, एक दोन टक्क्यांची आणि एक चार टक्क्यांची. दुसरी पहिलीच्या दुप्पट ताकदीची. आणि तुझ्याकडे भारतातून कोणी आयब्युजेसिक प्लससारखं सिरप आणलं तर लक्षात ठेव, त्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलंस तर डोस दोनदा गेला. बाटलीसोबत येते तीच पिचकारी किंवा तोच चमचा वापर. घरातला स्टीलचा चमचा औषधाला कधीच नको.

आपोथेकेत तुला कदाचित विचारतील, “सिरप की त्सेप्फशेन?” दचकू नकोस. त्सेप्फशेन म्हणजे गुदद्वारातून द्यायची मेणासारखी गोळी. जर्मन घरांत ती अगदी रोजची. उलट्या होत असतील किंवा मूल औषध थुंकून टाकत असेल तर फार उपयोगी पडते. ७५, १२५, २५० मिलिग्रॅम अशा ताकदीत, पुन्हा वजनावर. आपल्याला सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण मध्यरात्री ओकणाऱ्या पोराला शांत झोप लागली की ते सगळं विसरायला होतं.

भाषेची भीती वाटत असेल तर हे एवढं वाक्य पाठ कर: “इश ब्राउखे एट्वास गेगन फीबर, फ्युर माइन किंट, द्राय यारे, फिअरत्सेन किलो.” म्हणजे तापावर काहीतरी हवंय, मुलासाठी, तीन वर्षं, चौदा किलो. चौदाच्या जागी तुझा आकडा घाल. फीबर म्हणजे ताप, हुस्टन म्हणजे खोकला, दुर्खफाल म्हणजे जुलाब. आणि ताप सांगताना १०२ म्हणू नकोस. त्यांचा थर्मामीटर सेल्सिअसचा. तुझ्या मुलाचा १०२ म्हणजे त्यांचा ३८.९. तिथलाच एक थर्मामीटर विकत घे, म्हणजे घाबरलेल्या डोक्याने गणित करावं लागणार नाही.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, तिकडे येते. ‘बीपीची एक छोटी गुलाबी गोळी.’ मेडिकलच्या काउंटरमागे मी हे हजार वेळा ऐकलंय. “ती पांढरी लांबुडकी द्या हो”, “मागच्या वेळची निळ्या पाकिटातली.” आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला तुमचं घर माहीत असतं, त्यामुळे तिथे निभावतं. स्टुटगार्टमध्ये गुलाबी रंगाने काहीही कळणार नाही. आणि त्यात आपली पट्टी कापून द्यायची सवय! चार गोळ्या मागितल्या की कात्रीने पट्टी कापतात, आणि औषधाचं नाव, ताकद, मुदत असलेला तुकडा नेमका दुकानात राहतो. घरी येतो तो नुसता चकचकीत कागद आणि चार गोळ्या.

ब्रँडचं नावही देशाबाहेर कामाचं नाही. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल, ही सगळी आपल्याकडची घरगुती नावं, आतलं औषध एकच, पॅरासिटामॉल. तिथे क्रोसिन मागितलंस तर कोणी ओळखणार नाही. त्याहून वाईट म्हणजे एकच ब्रँड दोन देशांत दोन वेगळी औषधं असू शकतो. फ्लोमॅक्स अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावर देतात, इटलीत त्याच नावाने एक सूज आणि वेदना कमी करणारं औषध विकलं गेलंय. म्हणून ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात जे नाव असतं ते धर. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ पासून औषधांची ही आंतरराष्ट्रीय नावं ठरवायला सुरुवात केली, आणि त्यामुळे बीपीची टेल्मिसार्टान, अम्लोडिपिन, शुगरची मेटफॉर्मिन ही नावं पुण्यात आणि स्टुटगार्टमध्ये जवळजवळ सारखीच आहेत. उच्चार थोडा फिरतो, एवढंच. मोठा अपवाद अमेरिकेचा. तुझी कोणी बहीण-मैत्रीण तिकडे असेल तर तिला सांग, पॅरासिटामॉलला तिथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. जर्मनीत आतल्या औषधाला ‘विर्कश्टोफ’ म्हणतात. हा एक शब्द आला की निम्मं काम झालं. विर्कश्टोफचं नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून दाखव, आपोथेकेतली व्यक्ती पुढचं बघेल.

तेव्हा सासूबाईंना आजच फोन कर. तिन्ही गोळ्यांच्या अख्ख्या पट्ट्यांचे फोटो मागव, मागची बाजू, अक्षरं वाचता येतील असे. त्यांच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घ्यायला सांग, तीत आतल्या औषधाची नावं, ताकद, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, हे सगळं हवं. तीन महिन्यांच्या मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या त्यांनी स्वतः, मूळ पट्ट्यांमध्ये, हातातल्या बॅगेत आणाव्यात. मोठी बॅग हरवली तरी बीपीची गोळी हरवता कामा नये. स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांचा साठा आणायला जर्मन कस्टम्सची हरकत नसते. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी जर्मन आपोथेकेत औषध घ्यायला चालत नाही, युरोपीय संघातल्या डॉक्टरांची चालते. म्हणून गोळ्या मध्येच संपल्या तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे, म्हणजे हाउसआर्ट्सटकडे, त्यांना पैसे भरून दाखवावं लागेल. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण हे विमे अचानकच्या आजारासाठी असतात, आधीपासूनची शुगर-बीपी बहुतेक वेळा त्यातून वगळलेली असते. त्यामुळे गोळ्या मोजून आणणं हाच खरा उपाय.

एक गोष्ट मात्र सासूबाईंना हळूच, एकटं गाठून विचार. त्या रात्री झोपेची गोळी घेतात का? आपल्याकडे अनेक आज्या अल्प्राझोलामची अर्धी गोळी वर्षानुवर्षं घेतात आणि घरात कोणाला सांगत नाहीत. अशा गोळ्यांचे सीमेवरचे नियम वेगळे आणि कडक आहेत, त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आधी तयार करून घ्यावं लागतं. आणि लाजेने त्यांनी ती गोळी मागे ठेवून एकदम बंद केली, तर परक्या गावात त्यांना खरा त्रास होईल.

आईला कुरिअरला नाही म्हण. मला माहीत आहे, हे सांगताना तुला जड जाईल. मुलीसाठी काही करता येत नाही तेव्हा आई डबा भरते, औषधं भरते. पण खासगी व्यक्तीने युरोपीय संघाबाहेरून पोस्टाने औषधं मागवायला जर्मनीत परवानगी नाही. पार्सल कस्टम्समध्ये अडकतं. आईचे पैसे आणि जीव दोन्ही टांगणीला. तिला सांग, तू खोकल्याचं सिरप पाठवू नकोस, त्याऐवजी ओव्याची पुरचुंडी कशी बांधायची ते व्हिडिओ कॉलवर दाखव.

बॅगभर औषधांचंही तेच. सर्दी-तापाची एकत्र सिरपं मुलासाठी अजिबात आणवू नकोस. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं खुद्द भारताच्या औषध नियामकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय, आणि आपल्या घराघरातल्या सर्दीच्या सिरपांत नेमकी हीच जोडी असते. तुझा मुलगा तीनचा आहे. नाक चोंदलं तर आपोथेकेत सलाइनचे थेंब मिळतात, आणि गरज पडली तर झायलोमेटाझोलिनचे लहान मुलांच्या ताकदीचे थेंब. ते आठवड्याच्या वर मात्र नकोत, नाक त्यांनाच सोकावतं.

उरलेली अँटिबायोटिक्स कोणी ‘असू दे’ म्हणून बॅगेत टाकली तर काढून ठेव. डॉक्टरांनी सोमवारी दिलं नाही याचं तुला वाईट वाटलंय. मला तुझी बाजू कळते. आपल्याकडे दवाखान्यातून तीन रंगांच्या गोळ्या आणि एक बाटली घेऊन बाहेर पडलं की डॉक्टरांनी बघितल्यासारखं वाटतं. पण लहान मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात, त्यांच्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिनचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या डॉक्टरांनी कान, घसा, छाती तपासली आणि औषध लागत नाही असा निर्णय घेतला. तपासून औषध न देणं हेही डॉक्टरचंच काम आहे, आणि मेडिकलच्या काउंटरवर चार वर्षं उभी राहिल्यावर मला वाटतं, आपल्याकडे ते फार कमी जण करतात.

तिथल्या आज्या काय करतात माहीत आहे? कान दुखला तर कांदा चिरून, कोमट करून, फडक्यात बांधून कानावर धरतात. ताप चढला तर कोमट पाण्यात भिजवलेली फडकी पोटऱ्यांना गुंडाळतात. हातपाय मात्र गरम लागायला हवेत, गार असतील तर नाही. आपण कपाळावर ठेवतो, ते पोटऱ्यांवर. माझ्या शेजारच्या आजींनी मला कांद्याची पुरचुंडी दाखवली तेव्हा मला माझ्या आजीची ओव्याची पुरचुंडी आठवली, तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितलेली. घरचं करायचं ते जरूर कर. ओवा, सुंठ, हळद, सगळं तिथल्या इंडियन शॉपमध्ये मिळेल. बडीशेप, अ‍ॅनिस आणि शहाजिऱ्याच्या जातीच्या दाण्यांचा चहा तर डीएममध्येच आहे, पोटातल्या गॅसवर छान. इसबगोलही तिथेच, फ्लोजामेनशालेन नावाने. चोळायचं विक्स आपोथेकेत ‘विक’ म्हणून मिळतं. भस्मं आणि रसौषधी मात्र मुलाला नकोत, आणि सासूबाई स्वतः घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यांत पारा, शिसं यांसारखे धातू असू शकतात.

जुलाबात पाण्यातून द्यायच्या इलेक्ट्रालच्या चार पुड्या आणायला हरकत नाही, पण मोठी पुडी एक लिटर पाण्यात मिसळायची असते. जर्मन पुड्या बऱ्याचदा २०० मिलिलिटरच्या. पुन्हा तेच, पाकीट वाचल्याशिवाय पाणी ओतू नकोस.

तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात असाल तर एक फायदा बहुतेक नव्या लोकांना ठाऊक नसतो. १२ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी लिहून दिली तर तापाचं सिरप, नाकाचे थेंब अशी चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधंही विम्यातून मिळतात. मोठ्यांना चिठ्ठीच्या औषधामागे पाच ते दहा युरो भरावे लागतात, १८ खालच्यांना तेही नाही. पुढच्या तपासणीला गेलीस की मुलांच्या डॉक्टरांना सांग, घरात ठेवायला तापाचं औषध लिहून द्या. २०२४ पासून चिठ्ठी कागदावर नसून ऑनलाइन जाते, आपोथेकेत विम्याचं कार्ड यंत्रात घातलं की दिसते. २८ दिवसांत औषध घ्यायचं. हिवाळ्याच्या आधीच घेऊन ठेव. २०२२ च्या डिसेंबरात तिथे मुलांच्या तापाच्या सिरपाची एवढी टंचाई झाली होती की काही आपोथेके स्वतःच सिरप बनवून देत होत्या.

आणि दोन आकडे नवऱ्याच्या आणि तुझ्या, दोघांच्या फोनमध्ये हवेत. ११६११७, दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर, फुकट, चोवीस तास. ११२, जिवावरचं असेल तर. ताप असलेलं मूल सुस्त पडलंय, उठवून उठत नाही, पाणी पीत नाही, श्वास लागतोय, मान वाकवत नाही, झटका आला, किंवा अंगावर असे डाग उठलेत की काचेचा पेला दाबला तरी फिके होत नाहीत, तर आपोथेके शोधत बसू नकोस, सरळ ११२. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ ताप आला तरी लगेच डॉक्टर. हे तुझ्यासाठी नाही, पण तुझ्या ओळखीत कोणी बाळंतीण असेल तर तिला सांग.

शेवटचं तुझं, ‘माझं काही चुकलं का?’ तू लिहिलंस की रात्रभर चमच्याने पाणी पाजत होतीस. सकाळपर्यंत तो पाणी पीत होता, तुला ओळखत होता, सोमवारी डॉक्टरांकडे चालत गेला असणार. औषधाने ताप उतरतो, मूल जरा हसरं होतं, पण आजार बरा करतं ते मुलाचं शरीर, आणि त्याला त्या रात्री पाणी आणि आईची मांडी या दोनच गोष्टी लागत होत्या. त्या दोन्ही तू दिल्यास. तुझं काही चुकलेलं नाही, बाई.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि पट्टीचा फोटो आला की मला कळव, ती गुलाबी गोळी नेमकी कोणती निघाली ते.

तुझी,
ताई